इंदूरला नव्याने आलात? गाडी बंद पडली तर दोर बांधण्याआधी हे वाचा

महाराष्ट्रातून बदलीवर इंदूरला आलात आणि गाडीही सोबत आणलीत, म्हणजे दिवाळीला आग्रा-मुंबई रस्त्यानेच घरी जाणार. भाड्याचं घर, मुलांची शाळा याबद्दल सांगणारे खूप भेटतील. गाडी बंद पडल्यावर काय करायचं, हे मात्र कुणी आधी सांगत नाही.

शहरात एकटे पडणार नाही. ‘क्या हुआ भिया?’ म्हणत कुणीतरी थांबतंच, आणि टोचन लावायला, म्हणजे गाडी मागे बांधून ओढायला, दोरही निघतो. मदत मनापासूनची असते, जरूर घ्या. पण दोर कुठे बांधायचा ते तुम्ही ठरवा. बंपरला नाही, अ‍ॅक्सललाही नाही. बहुतेक गाड्यांत स्टेपनीजवळच्या टूलकिटमध्ये जाड लोखंडी हूक असतो. बंपरवरचं छोटं झाकण काढलं की आत त्याची जागा दिसते. तिथे तो शेवटपर्यंत आवळायचा. दोन गाड्यांमधलं अंतर नियमानुसार पाच मीटरपर्यंतच ठेवायचं. दोराला लाल फडकं बांधा, नाहीतर राजवाड्याच्या गर्दीत एखादा स्कूटरवाला मधून निघायला बघेल.

खरी कसोटी मागच्या गाडीत बसणाऱ्याची. तिथे लायसन्स असलेला, सरावाचा माणूसच हवा. किल्ली ‘ऑन’वर ठेवायची, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. इंजिन बंद असल्याने एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंगही जड जातं. पूर्ण जोर लावावा लागतो. दोर कायम ताणलेला राहील इतपत हलका ब्रेक मागच्यानेच लावत राहायचं. ढिला पडून झटका बसला की दोर तुटतो, आणि तुटलेला दोर माणसाला जबर जखमी करू शकतो. म्हणून गाडी सुटताना दोराजवळ कुणालाही उभं राहू देऊ नका. वेग ताशी 20च्या आसपास, आणि तोही जवळच्या गॅरेजपर्यंतच.

ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडीला दोर लावूच नका, गिअरबॉक्स किंवा मोटर जाऊ शकते. सगळी गाडी वर चढवून नेणारा ट्रकच मागवा.

आता घाट. धुळ्याकडे जाताना मानपूरनंतर गणेश घाटाच्या भागात उतार लागतो आणि सेंधव्यानंतर बिजासन घाटाचा. दोन्हीकडे मागून भरलेले ट्रक येतात आणि उतारावर त्यांचे ब्रेक तापलेले असतात. इथे दोराचं टोचन अजिबात नको, भला ट्रकवाला कितीही आग्रह करो. उतारावर मागची गाडी पुढचीवर चढते आणि इंजिन बंद असल्याने तुमच्या ब्रेकला नेहमीचा जोर नसतो. चारी इंडिकेटर लावा, सगळ्यांना उतरवून कठड्यापलीकडे न्या, जमेल तितकं मागे जाऊन लाल त्रिकोण ठेवा आणि 1033 फिरवा. राष्ट्रीय महामार्गाची ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. कुणी जखमी असेल तर आधी 108. हेल्पलाइनच्या क्रेनने गाडी सुरक्षित जागी पोचली की तिथून पुढे गॅरेजपर्यंत नेणाऱ्या क्रेनवाल्याशी पैसे हूक लावण्याआधी ठरवा. विम्यात रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडल्यावर मिळणारी मदत, घेतली असेल तर त्याचा नंबर आजच फोनमध्ये घाला. बायकोच्या किंवा नवऱ्याच्या फोनमध्येही.