एक भीती, पाच दृष्टिकोन: मानसशास्त्रीय सिद्धान्तांचे गुणदोष कसे लिहावेत

"फ्रॉइडचा सिद्धान्त अशास्त्रीय आहे" एवढंच लिहून विद्यार्थी पुढे सरकतात आणि गुण तिथेच जातात. अशास्त्रीय का, ते लिहिलेलं नसतं. यावर उपाय सोपा आहे. एकच उदाहरण घ्या आणि प्रत्येक दृष्टिकोनाला तेच चार प्रश्न विचारा: कारण काय सांगतो? पुरावा कुठून आणतो? काय दिसलं तर तो खोटा ठरेल? उपाय कोणता सुचवतो?

उदाहरण: सात वर्षांची मुलगी कुत्र्याला घाबरते. गल्लीच्या तोंडाशी कुत्रा दिसला की लांबच्या रस्त्याने शाळेत जाते.

वर्तनवादापासून, म्हणजे वागणं अनुभवातून शिकलेलं असतं असं मानणाऱ्या दृष्टिकोनापासून सुरुवात करा, कारण इथे पुरावा सर्वांत ठळक आहे. 1920 मध्ये वॉटसन आणि रेनर यांनी सुमारे 11 महिन्यांच्या अल्बर्टला पांढरा उंदीर दाखवला आणि तो उंदराला हात लावू लागला की पाठीमागे पोलादी दांड्यावर हातोडा मारला. काही वेळा असं झाल्यावर बाळ नुसत्या उंदरालाही घाबरू लागलं. हे अभिजात अभिसंधान: भीतीदायक गोष्टीशी वारंवार जोडली गेल्याने साधी गोष्टही भीती जागवू लागते. पण आपली मुलगी अजूनही का घाबरते? रस्ता बदलला की तिची धडधड थांबते, म्हणून रस्ता बदलण्याची सवय पक्की होते. हे ऋण प्रबलन (नकोशी गोष्ट टळल्याने वागणूक पक्की होणं) आहे, शिक्षा नव्हे, कारण शिक्षेने वागणूक कमी होते. इथे हमखास घोटाळा होतो. उपायही थेट निघतो. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या मुलाला खाऊ देत देत ससा टप्प्याटप्प्याने जवळ आणला आणि त्याची भीती घालवली. आता दोष: अल्बर्ट एकटाच होता, तुलनेला दुसरं मूल नव्हतं, आणि त्याची भीती न घालवताच प्रयोग संपला. शिवाय कुत्रा कधीच न चावलेली मुलंही घाबरतात, त्याचं काय?

फ्रॉइडच्या मनोविश्लेषणासाठी त्याने 1909 मध्ये मांडलेला छोट्या हान्सचा दाखला घ्या. घोड्याला घाबरणारा पाच वर्षांचा मुलगा. फ्रॉइडने या भीतीमागे वडिलांची भीती पाहिली, पण बहुतेक माहिती फ्रॉइडला हान्सच्या वडिलांकडूनच मिळाली होती. तिसरा प्रश्न इथे लावा. मुलाने अर्थ मान्य केला तर सिद्धान्त बरोबर; नाकारला तर तो 'प्रतिरोध' (नकोसं सत्य मन अडवतंय), म्हणजे पुन्हा बरोबरच! खोटा ठरण्याची वाटच उरत नाही. "अशास्त्रीय" या शब्दामागचं हे कारण लिहा. गुणही प्रामाणिकपणे मांडा: बालपणीच्या अनुभवांकडे आणि जाणिवेबाहेरच्या मनाकडे गांभीर्याने पाहायला याच विचाराने शिकवलं.

बोधनिक, म्हणजे विचारांवर भर देणारा दृष्टिकोन मुलीच्या मनातलं वाक्य पकडतो: "तो मला चावणारच." अल्बर्ट एलिस यांची 1955 पासूनची विवेकनिष्ठ उपचारपद्धती या वाक्यालाच आव्हान देते, महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली. अडचण एकच, पण मोठी: विचारामुळे भीती येते की भीतीमुळे विचार, हे वेगळं करणं अवघड असतं.

जैविक दृष्टिकोनातून सेलिगमन यांचं 1971 मधलं म्हणणं आठवा. साप, कोळी यांची भीती माणूस चटकन शिकतो, कारण उत्क्रांतीने आपल्याला त्यासाठी आधीच तयार ठेवलं आहे. विजेच्या सॉकेटची मात्र नाही, जरी धोका तिथेही असतो. वर्तनवादाची उणीव यातून काही अंशी भरते. मात्र एकाच घरातल्या दोन बहिणींपैकी एकच का घाबरते, हे नुसत्या उत्क्रांतीतून कळत नाही.

मानवतावादावर इथे दोन ओळी पुरेत: रॉजर्स यांचा विनाअट स्वीकार मुलीशी कसं वागावं ते शिकवतो, पण भीती नेमकी का आली यावर फारसं बोलत नाही, आणि 'आत्मवास्तविकीकरण' (स्वतःतल्या क्षमता पूर्ण फुलवणं) मोजणं कठीण.

सर्वांत महागात पडणारी चूक: उपाय लागू पडला म्हणून कारणही खरं मानणं. क्रोसिन घेऊन ताप उतरला, म्हणजे अंगात क्रोसिन कमी होतं असं नाही. टप्प्याटप्प्याने कुत्र्याजवळ नेऊन भीती गेली, तरी ती अभिसंधानातूनच आली होती हे सिद्ध होत नाही.

उत्तर झाल्यावर दोषांची प्रत्येक ओळ तपासा. दृष्टिकोनाचं नाव बदलूनही ती तशीच चालत असेल, तर खोडा आणि उदाहरणातला नेमका मुद्दा घालून पुन्हा लिहा.