चॅपल रोडच्या भिंती पाहायला कोल्हापूरहून जाताना

वांद्रे पश्चिमेच्या हिल रोड परिसरातील चॅपल रोड ही अरुंद, वळणावळणाची गल्ली तिथल्या भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध आहे, आणि गेली काही वर्षे मी चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना ती दाखवायला कोल्हापूरहून घेऊन जात आहे. दरवर्षी पालकांचे तेच तीन प्रश्न असतात: कधी जायचे, किती वेळ लागतो, आणि एका गल्लीसाठी एवढा प्रवास कशाला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुढे येतीलच. तिसऱ्याचे उत्तर गल्लीतच मिळते, परंतु कुठे उभे राहायचे हे ठाऊक नसेल तर मिळत नाही. अर्ध्या तासात वीस फोटो काढून परतणारी माणसे मी तिथे पुष्कळ पाहिली आहेत, आणि पहिल्या खेपेला त्यांतलाच एक मीही होतो.

निघण्यापूर्वीचा एक तास कोल्हापुरातच खर्च करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्या पेठेतल्या एखाद्या जुन्या दुकानाची हाताने रंगवलेली पाटी किंवा तालमीच्या भिंतीवरचा मारुती निवडावा आणि तो आधी रस्त्याच्या पलीकडून, मग हातभर अंतरावरून नीट पाहावा. लहान चित्र मोठ्या भिंतीवर नेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे: मूळ चित्रावर चौकोनांची जाळी आखायची, भिंतीवर खडूच्या पुडीत बुडवलेली दोरी ताणून तेवढेच पण मोठे चौकोन उमटवायचे, आणि एकेका चौकोनात जे दिसते तेवढेच उतरवत जायचे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या नात्याने भाऊ असलेल्या कोल्हापूरच्या चित्रकारांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून नाव मिळवले, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता, की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला जे दिसायचे ते पडद्यापासून हातभर अंतरावर उभे राहून रंगवायचे कसे. पुढे बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि आपल्या चित्रपटांची जाहिरातचित्रेही स्वतः रंगवली. वांद्र्याच्या भिंतींवर हिंदी सिनेमाचे जे चेहरे आपण पाहणार आहोत, त्यांची वंशावळ अशी आपल्या गावाशी येऊन मिळते. ही तयारी केलेला विद्यार्थी त्या गल्लीत गेल्यावर 'हे कोण?' एवढेच विचारून थांबत नाही, 'हे केले कसे?' असेही विचारतो.

दिवस शक्यतो शनिवारचा आणि महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांपैकी निवडावा. रविवारी लोकलच्या मार्गांवर दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, शिवाय सकाळी चर्चमध्ये प्रार्थनेला जाणाऱ्यांची ये-जा असते आणि त्या वेळी आपला घोळका वाटेत येतो. सप्टेंबरात, ८ तारखेनंतरच्या रविवारपासून, वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चची जत्रा भरते; ती पाहायची असेल तर जरूर जावे, पण मग त्या दिवशी भिंतींचा विचार सोडून द्यावा. पावसाळ्यात भिजलेल्या भिंतीवर रंग गडद आणि सुंदर दिसतो हे खरे असले, तरी एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात वही धरून चित्र पाहणे मला तरी कधी जमलेले नाही.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरणे सर्वांत सोयीचे. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते आणि दहा-पंधरा जणांचा गट असेल तर पहिल्या काही दिवसांतच ते उरकावे. चार-पाच जण असतील आणि सामान हलके असेल, तर दादरला उतरून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर जावे. तिथून वांद्रे तिसरे स्टेशन. गट मोठा असेल तर मात्र मी सरळ छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो, बॅगा तिथल्या क्लोकरूममध्ये ठेवतो आणि हार्बर मार्गाची गाडी पकडतो. ती तिथूनच सुटत असल्यामुळे बसायला जागा मिळते. क्लोकरूमला कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, म्हणून छोटी कुलपे कोल्हापुरातूनच न्यावीत. गाडी वांद्र्याची किंवा गोरेगावची आहे याची खात्री करावी. पनवेलची गाडी वडाळ्यापर्यंत त्याच मार्गाने जाते आणि नंतर भलतीकडे वळते, आणि ही चूक ध्यानात येईपर्यंत एक-दोन स्टेशने मागे पडलेली असतात. स्वच्छतागृहाचे काम स्टेशनवरच उरकून घ्यावे, विशेषतः मुली सोबत असतील तर, कारण गल्ली राहत्या घरांची आहे. वांद्रे स्टेशनच्या पश्चिमेकडून रिक्षा मिळते आणि ती मीटरने जाते. मुंबईत रिक्षा वांद्र्याच्या दक्षिणेकडे चालतच नाहीत, त्यामुळे दादरला उतरून रिक्षा शोधण्यात वेळ दवडू नये.

चॅपल रोड ही चित्रांसाठी वसवलेली जागा नाही, हे गल्लीत शिरण्यापूर्वी समजून घेतले पाहिजे. तिला लागून रणवार हे वांद्र्याचे जुने गावठाण आहे. बाहेरून चढणारे लाकडी जिने, पुढे आलेले व्हरांडे, कौलारू छपरे आणि गल्लीच्या वळणावर उभा असलेला क्रूस अशी ही वस्ती आहे. इथले मूळ रहिवासी ईस्ट इंडियन ख्रिस्ती. त्यांचे नाव इंग्रजी असले तरी घरची बोली मराठी आहे. ती आपल्या कानांना थोडी वेगळ्या वळणाची वाटते, एवढेच. १८८७ साली त्यांनी आपली संघटना स्थापन करताना हे नाव घेतले. तेव्हा कोल्हापूरच्या मुलांनी 'एक्स्क्यूज मी' असे म्हणत फिरण्याचे मुळीच कारण नाही, 'मावशी, इथे उभे राहू का?' हे तिथे व्यवस्थित चालते.

पहिल्या वर्षी आम्ही असे काही विचारले नव्हते. एका बैठ्या घराच्या भिंतीवरचे चित्र काढण्यासाठी माझे नऊ विद्यार्थी समोरच्या घराच्या पायरीवर ओळीने बसले, आणि दोघांनी चित्राच्या मधोमध असलेल्या खिडकीचा कॅमेऱ्याने जवळून फोटो घेतला. खिडकी उघडली. आतल्या वृद्ध बाईंनी शांतपणे एवढेच विचारले, की तुम्ही भिंत पाहायला आला आहात की माझे घर? उत्तर द्यायला कोणाला सुचले नाही. मी पुढे होऊन क्षमा मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या की चित्र त्यांना आवडते, पण ते काढल्यापासून खिडकी उघडण्यापूर्वी बाहेर कोणी आहे का ते पाहावे लागते. तेव्हापासून माझा नियम असा आहे, की एका वेळी चौघांपेक्षा जास्त जणांनी एका भिंतीपुढे थांबायचे नाही, कोणाच्याही पायरीवर किंवा क्रूसाच्या चौथऱ्यावर बसायचे नाही, उघडी खिडकी, वाळत घातलेले कपडे आणि दारात खेळणारी मुले फोटोत घ्यायची नाहीत, आणि बोलायचे ते हळू आवाजात. आपल्या वाड्याच्या दारात रोज पन्नास अनोळखी माणसे उभी राहिली तर आपण काय केले असते, याचा विचार केला म्हणजे यातला एकही नियम जाचक वाटत नाही.

आता पाहण्याविषयी. गल्ली इतकी अरुंद आहे, की मोठ्या चित्रासमोर उभे राहून ते सरळ पाहता येत नाही, कारण मागे सरकावे तर पाठ समोरच्या भिंतीला लागते. नवख्या माणसाचा विरस होतो तो इथेच. असे चित्र गल्लीच्या टोकाकडून, तिरके, चालत चालत पाहायचे असते. वळणावर थांबावे, दुरून चेहरा पूर्ण दिसेल ती जागा शोधावी, आणि तिथून मोजून वीस पावले टाकत जवळ जावे. दर पाच पावलांवर थांबून काय बदलले ते वहीत लिहावे. आमच्यातला एक मुलगा असा एका नटीच्या चेहऱ्याकडे चालत गेला आणि भिंतीशी पोहोचताच ओरडला, "सर, डोळा गेला की ओ!" डोळा खरोखरच गेला होता. जवळून तिथे काळा, तपकिरी आणि मळकट गुलाबी असे तीन सपाट डाग होते, त्यांच्या कडा एकमेकींत मिसळलेल्याही नव्हत्या, आणि डोळ्यातली चमक म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा पांढऱ्या रंगाचा एकच फटकारा होता. कानामागे, जिथे रंगाचा हात पातळ पडला होता, तिथे जाळीची पुसट रेघ शिल्लक होती. त्यानंतर दिवसभर सगळ्यांनी रेघाच शोधल्या.

जवळ गेल्यावर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे भिंतीवर आधीपासून जे आहे त्याचे चित्रकाराने काय केले: विजेच्या मीटरची पेटी, सांडपाण्याचा पाइप, गिलाव्याचा फुगवटा. कच्चा चित्रकार त्यांच्यावरून रंग फिरवून मोकळा होतो, तर जाणता त्यांना चित्रात जागा देतो. दुसरी गोष्ट म्हणजे पोपडे. समुद्र जवळ आहे, हवा खारट आणि दमट आहे, आणि पावसाळ्यात भिंतीत मुरलेली ओल बाहेर पडताना रंगाला आतून ढकलते. म्हणून पोपडे बहुधा जमिनीलगत आणि पाइपाच्या कडेने आधी सुटतात. सुटलेल्या पोपड्याखाली जुन्या चित्राचा थर दिसला तर तो पाहावा, पण नखाने खरवडू नये.

कोणत्या भिंतीवर काय आहे याची यादी मी मुद्दाम देत नाही, कारण घरे पाडली जातात, भिंती पुन्हा रंगवल्या जातात आणि वर्षभरापूर्वीची यादी हातात घेऊन फिरणारा माणूस समोरचे चित्र सोडून गेलेले चित्र शोधत बसतो. दोन-तीन नावे मात्र माहीत असावीत. रणजित दहिया हा हरियाणातील सोनीपत जिल्ह्यातला चित्रकार. तो घरांना रंग देण्याच्या कामातून पुढे येऊन अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकला, आणि २०१२ साली त्याने बॉलीवुड आर्ट प्रोजेक्ट सुरू केला. १९५३ सालच्या 'अनारकली' चित्रपटाचे पोस्टर त्याने याच चॅपल रोडवर भिंतीएवढे करून रंगवले. त्या चित्रपटाची नायिका बीना राय कोण, हे माझ्या एकाही विद्यार्थ्याला सांगता आले नाही. चित्रनगरी म्हणवणाऱ्या गावातली मुले, पण असो. इरफान खान २०२० साली गेला, त्यानंतर थोड्याच दिवसांत दहियाने रणवारमधील वरोडा रोडवर त्याचा चेहरा रंगवला. लीलावती रुग्णालयाच्या बाजूला, वांद्रे रेक्लमेशनला, एमटीएनएलच्या उंच इमारतीवर दादासाहेब फाळके रंगवले गेले ते २०१४ साली. ती भिंत गल्लीतल्या भिंतींच्या नेमकी उलट आहे, कारण ती जवळून वाचताच येत नाही. दोन्ही एकाच दिवशी पाहिल्या म्हणजे आकार आणि अंतर यांचे नाते पुस्तकाशिवाय समजते.

वेळ हाताशी असेल तर परतताना माहीम ते दादर हा भाग तुळशी पाइप रस्त्याने, म्हणजे सेनापती बापट मार्गाने, करावा. तिथल्या रेल्वेच्या लांब भिंतीवर २००९ साली महापालिकेच्या परवानगीने शेकडो लोकांनी चित्रे काढली होती. चित्रे रस्त्याच्या बाजूला असल्याने ती लोकलमधून दिसत नाहीत.

परवानगीचा मुद्दा विद्यार्थ्यांना इथेच समजावून द्यावा, कारण गल्ली पाहून आलेल्या मुलांचे हात शिवशिवतात आणि कोणाच्या तरी पिशवीत स्प्रेचा डबा निघतो. गल्लीतली भिंत कोणाच्या तरी मालकीची असते आणि मालकाने होकार दिल्याशिवाय तिच्यावर रेघ ओढणे हा महाराष्ट्रात १९९५ च्या मालमत्ता विरूपण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. दुसऱ्याच्या चित्रावर आपले नाव लिहिणाऱ्याविषयी वेगळे बोलायला नको. पन्हाळ्याच्या दगडांवर बदाम कोरणाऱ्यांचाच तो भाऊबंद.

एकूण वेळ म्हणाल तर चॅपल रोड आणि रणवार मिळून तीन तास पुरतात, त्यांतला एक तास एकाच भिंतीला द्यावा. दुपारी उन्हात गल्ली सोडून फोर्टमध्ये यावे. जहांगीर कला दालन विनामूल्य आहे आणि टर्मिनसपासून पायी जाण्याएवढे जवळ आहे. तिथून बॅगा घेऊन रात्रीची महालक्ष्मी गाठता येते. गाडीत बसल्यावर मी वह्या गोळा करत नाही. मुलांनी त्या आपल्याकडेच ठेवाव्यात आणि पुढच्या रविवारी आपल्या गल्लीतली एक भिंत तशीच वीस पावलांवरून पाहून पुढच्या पानावर नोंदवावी, एवढेच काम देतो.

मागच्या वर्षी तिघेजण ही नोंद करता करता मंगळवार पेठेतल्या एका घरमालकाकडे भिंत मागायला गेले. त्यांनी चित्राचा कच्चा आराखडा पाहिला, चहा पाजला, मुलांना घेऊन बाहेर आले आणि भिंतीच्या खालच्या हातभर पट्ट्यावर तळवा ठेवून म्हणाले, "रंगवा की, माझं काय जातंय. पण आधी ही ओल काढून द्या." सध्या आम्ही गवंडी शोधत आहोत.