पोर्तुगालचा इतिहास डोक्यात बसत नसेल तर वास्को द गामा बाजूला ठेवा

मागच्या मे महिन्यात नागपुरात आमच्या अभ्यासिकेतला कूलर नुसती गरम हवा फेकून राहिला होता अन् मी तिसऱ्यांदा १४९८ कालिकत, १५१० गोवा, १५११ मलाक्का असं घोकून राहिलो होतो, पान उलटलं की सगळं साफ. मग पद्धत बदलली, तीच सांगतो.

जुन्या कॅलेंडरचं एक पान घ्या, मागच्या कोऱ्या बाजूला मधोमध आडवी रेघ मारा आणि तिच्यावर फक्त दोन वर्षं जाड पेनानं लिहा, १५८० आणि १६४०. बाकी सगळं ह्यांच्या आधी, मधे नाहीतर नंतर बसतं.

आता १५८० का, हे नीट समजून घ्या भाऊ, सगळी मजा इथंच आहे. राजा सेबास्तियाँव, वय २४, लग्न नाही, पोरबाळ नाही, मोरोक्कोवर चालून गेला आणि ऑगस्ट १५७८ मध्ये अल्कासेर किबीरच्या लढाईत मारला गेला. गादीवर त्याचा म्हातारा चुलत आजोबा आला, तो कार्डिनल, म्हणजे लग्न न करणारा मोठा धर्मगुरू, त्यामुळे त्याला वारस व्हायचा प्रश्नच नाही. तो १५८० मध्ये वारला आणि स्पेनच्या फिलिपनं गादी घेतली. लोकांना मात्र सेबास्तियाँव मेला हे पटेचना, धुक्यातून परत येईल म्हणत बसले, मग तोतये निघाले, एक तर चक्क बेकरीवाला, त्याला १५९५ मध्ये फाशी दिली. पानिपतानंतरचा आपला सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवा, हे आपोआप लक्षात राहतं.

एक खड्डा सांभाळा, स्पेनचा फिलिप दुसरा तोच पोर्तुगालचा फिलिप पहिला. मी सराव परीक्षेत इथंच आपटलो.

मधली ६० वर्षं वाचताना एकच विचारा, स्पेनचे दुश्मन कोण? डच. ते आता पोर्तुगालचेही दुश्मन झाले आणि पोर्तुगीजांची ठाणी फोडायला लागले. १ डिसेंबर १६४० ला स्पेनचं राज्य झुगारून ब्रागांझा घराण्यातला जुआंव चौथा राजा झाला तरी डच थांबले नाहीत, १६४१ मलाक्का, १६५६ कोलंबो, १६६३ कोची. इकडे स्पेनशी लढाई १६६८ पर्यंत चालू, इंग्रजांची मदत पाहिजे, म्हणून राजकन्या कॅथरीनच्या हुंड्यात मुंबई गेली. बाण काढा १६४० पासून मुंबईपर्यंत, मग १६६१ चा करार पाठ करावा लागत नाही.

रेघेखाली आपल्याकडचं लिहा, १५३४ वसई पोर्तुगीजांकडे, १७३९ चिमाजी अप्पांनी घेतली. वर ब्राझीलचं सोनं आणि १ नोव्हेंबर १७५५ चा लिस्बनचा भूकंप, मग राजाचा मंत्री पोंबालनं शहर परत उभारलं.

१८०७ मध्ये नेपोलियनच्या फौजेला घाबरून अख्खा दरबार जहाजात बसून ब्राझीलला पळाला, ते दुसऱ्या पानावर घ्या, ह्या पानावर तोवर जागाच उरत नाही.