आधी तिथी, मग बस: ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठी सोपी पायी भटकंती कशी करावी

ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्यांना भटकंती म्हटले की येऊर, पारसिक किंवा खारघरची टेकडी आठवते. पण चढ झेपत नसलेल्या, लहान मुले किंवा वयस्कर माणसे सोबत असलेल्या कुटुंबासाठी ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा सपाट खाडीकाठ अधिक सोयीचा आहे, आणि तो बसने गाठता येतो. फक्त या वाटांचे वेळापत्रक घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर अधिक चालते. ते गणित न पाहता निघालेला माणूस बहुधा दूरवर पसरलेला करडा चिखल पाहून परत येतो.

१. दिवस तिथीवरून ठरवावा

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा पाऊणपट करावा, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे व दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला किंवा अमावास्येला तिथी पंधरा धरून सव्वाअकराच्या सुमारास. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. पूर्ण भरतीनंतर ओहोटी लागते, साधारण सहा तासांनी पाणी सर्वांत खाली जाते आणि भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी किनाऱ्यापेक्षा थोडे उशिरा चढते, म्हणून अर्धा तास हाताशी ठेवावा. हा अंदाज सहल ठरवण्यापुरता पुरेसा आहे. नेमकी वेळ आणि पाण्याची उंची मुंबईच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून घ्यावी.

आता हा हिशेब वाटेला लावून पाहावा. सकाळी ओहोटी हवी असेल, तर द्वितीया ते पंचमी या तिथी योग्य ठरतात, कारण त्या दिवशी पावणेआठ ते दहाच्या दरम्यान चिखल उघडा पडलेला असतो. सकाळी भरती हवी असेल, तर नवमीपासून पुढच्या तिथी घ्याव्यात. मात्र नवमी-दशमीची भरती भांगाची असते; पाणी फारसे चढत नाही, चिखलाचे पट्टे उघडेच राहतात आणि पक्ष्यांना जागा सोडण्याचे कारण उरत नाही. म्हणून माझी पसंती द्वादशी ते चतुर्दशी. तेव्हा नऊ ते साडेदहाच्या सुमारास पाणी चांगले चढते आणि ऊनही अजून सोसण्यासारखे असते.

२. भरतीप्रमाणे वाट निवडावी

रोहित पक्षी, ज्यांना अग्निपंख किंवा सरळ फ्लेमिंगो म्हटले जाते, ते ठाणे खाडीत साधारण नोव्हेंबर ते मे या काळात मोठ्या संख्येने असतात. ओहोटीला ते खाडीतल्या चिखलावर चरतात. भरतीने चिखल बुडाला की ते काठाजवळच्या उथळ पाणथळ जागांवर येऊन थांबतात. त्यामुळे ओहोटीला ऐरोली आणि भरतीला नेरूळ असा साधा नियम ठेवावा.

ऐरोलीसाठी ठाण्याहून ऐरोली-वाशीकडे जाणारी बस घ्यावी आणि दिवागावाजवळ उतरावे. कंडक्टरला ‘ऐरोलीचे दिवागाव’ असे स्पष्ट सांगावे. मध्य रेल्वेवरचे दिवा स्टेशन निराळे, आणि हा घोळ नवख्यांचा हमखास होतो. येथे वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. शेजारचे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले, त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर आहे आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. आधी केंद्रातली माहिती पाहावी आणि मग कांदळवनालगतच्या वाटेने सावकाश फिरावे. चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली मुळे तिवराची असतात. खाऱ्या, घट्ट चिखलात हवा मिळत नाही म्हणून झाड त्या मुळांवाटे श्वास घेते. त्यांच्यामधून उड्या मारणारे निवटे मासे आणि एकच नांगी मोठी असलेले लहान खेकडे मुलांना पक्ष्यांपेक्षाही अधिक वेळ खिळवून ठेवतात. बोटीतून अभयारण्य पाहायचे असेल, तर हिशेब उलटा होतो: बोटीला पाणी लागते, त्यामुळे फेऱ्या भरतीच्या वेळेवर ठरतात. त्यांचे आरक्षण आधी करावे आणि केंद्राच्या सुटीचा वारही तेव्हाच विचारून घ्यावा.

नेरूळला भरतीच्या तासभर आधी पोहोचावे. नेरूळ किंवा सीवूड्स-दारावे स्टेशनवरून नवी मुंबई परिवहनच्या बसने पाम बीच रस्त्याच्या बाजूला जावे आणि ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ या तलावाभोवतीच्या चालण्याच्या मार्गाने सुरुवात करावी. वाट फरसबंदीची आणि सपाट आहे, बसायला बाकडी आहेत, त्यामुळे आजी-आजोबांसाठी ही जागा सर्वांत निर्धास्त. नवी मुंबईतले असे तलाव शोभेसाठी खोदलेले नाहीत. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीजवळ वसलेला असल्याने सिडकोने हॉलंडच्या पद्धतीवर हे धारण तलाव बांधले. भरतीला खाडीच्या पाण्याच्या दाबाने झडपा मिटतात आणि पावसाचे पाणी तलावात थांबते. ओहोटीला झडपा उघडून ते खाडीत निघून जाते. खारजमिनीच्या बांधाला शेतकरी जी उघाडी, म्हणजे झडपेची मोरी, ठेवत, तिचेच हे शहरी रूप.

तिथून करावे गावाच्या बाजूने टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागच्या पाणथळीकडे जाता येते. येथे फरसबंदी संपते आणि मातीची वाट लागते. पक्षी काठापासून दूर असले तरी आवाज करून त्यांना उडवू नये; भरतीचा काळ हा त्यांच्या विश्रांतीचा असतो. पाम बीच रस्त्याच्या कडेने मात्र चालत राहू नये, तिथे वाहने फार वेगात असतात. दोन जागांमध्ये अंतर असेल, तर आतल्या सेक्टरच्या रस्त्याने जावे किंवा पुन्हा बस घ्यावी.

वेळ थोडाच असेल, तर वाशी बस डेपोपासून मिनी सी-शोर आणि सागर विहार ही छोटी फेरी पुरे. ठाणे पश्चिमेच्या लोकांना घोडबंदर रस्त्याच्या बसने गायमुखची चौपाटी गाठता येते. तिथे चालणे थोडे, खाडीचा देखावा मोठा.

३. बांधावर चालताना

खाडीच्या बांधावर सावली जवळजवळ नसते आणि हवा दमट असते, म्हणून माणशी किमान लिटरभर पाणी, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा कपडा असावा. चपलेऐवजी बंद, घट्ट बसणारे बूट घालावेत. तास-दीड तासात तीन-चार किलोमीटर चालणे होते, आणि मुलांबरोबर तेवढे पुरेसे आहे.

उघड्या चिखलात पाऊल टाकू नये. वरून सुकलेला दिसणारा थर खाली मऊ असतो. पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि ओढून काढताना बूट आतच राहतो. भरती चढत असताना ही गंमत राहत नाही. कांदळवनात शिरण्याचाही मोह टाळावा. तिथे कोल्ह्यांचा वावर असतो, आणि श्वसनमुळे पायाखाली तुडवली की झाडालाच इजा होते.

जेट्टीवर आणि गावालगत होड्या, वाळत घातलेली जाळी आणि मासळी दिसेल. ही आगरी-कोळी समाजाची कामाची जागा आहे. होडीवर चढून बसू नये, जाळे ओलांडू नये आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. चांगले बोललात, तर आज पाणी किती चढेल हे तिथला नाखवा तक्त्यापेक्षा नेमके सांगतो.

४. पावसाळा आणि परतीची बस

जून ते सप्टेंबर या काळात मातीचे बांध निसरडे होतात. साडेचार मीटरच्या वरची उधाणाची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले, तर सखल रस्त्यांवर पाणी साचून बस अडकतात. अशा दिवशी मातीच्या वाटेवर जाऊ नये. पाऊस थांबलेला असेल तर तलावाभोवतीचा फरसबंदी मार्गच घ्यावा.

बसमधून उतरल्याबरोबर परतीचा थांबा कुठे आहे ते पाहून ठेवावे. तो बहुधा रस्त्याच्या पलीकडे, पण अगदी समोर नसतो. सुटीच्या दिवशी फेऱ्या कमी असू शकतात, म्हणून परतीच्या दोन बसच्या वेळा कंडक्टरला जातानाच विचाराव्यात. संध्याकाळची फेरी असेल, तर सूर्य मावळण्यापूर्वी बांध सोडावा; अंधार पडताच डासांचे थवे उठतात, आणि बऱ्याच वाटांवर दिवे नाहीत.