वाइल्ड वेस्टच्या जुन्या वस्तू जमवताय? या चुका टाळा

अमेरिकेत साउथ डकोटातल्या डेडवुडला फिरायला गेलो तेव्हा कुख्यात दरोडेखोर जेसी जेम्सला पकडून देण्याच्या बक्षिसाचं पत्रक चाळीस डॉलरला घेतलं होतं. पिवळट कागद, जळकट कडा, मधोमध जेसीचा फोटो. घरी येऊन भिंग लावलं तर फोटोभर बारीक ठिपकेच ठिपके, म्हणजे सरळसरळ आधुनिक छपाई. कागदाचा पिवळेपणा बहुधा चहाचा. मिसुरीच्या गव्हर्नरने 1881 मध्ये जाहीर केलेलं बक्षीस खरं होतं, पण त्या जाहीरनाम्यात नुसता मजकूर होता. चूक विक्रेत्याइतकीच माझी, कारण मला तो खरा हवा होता!

जमिनीच्या सनदांमध्ये तर भलेभले फसतात. सरकारने वसाहतकऱ्याला जमीन दिल्याचा हा कागद. त्याच्या तळाशी ‘अब्राहम लिंकन’ असं झोकदार अक्षरात लिहिलेलं दिसलं की माणूस पाकिटात हात घालतो. पण ती लिंकनची सही नव्हेच. 1833 च्या कायद्यानंतर अशा सनदांवर राष्ट्राध्यक्षांच्या वतीने सेक्रेटरी सही करत असे. नावाखाली त्याचीही सही असते, ती नीट पाहा. सनद खरी असते, पण तिची किंमत लिंकनच्या सहीची नसते. आणि ‘लिंकनच्या नावाची होमस्टेड सनद’ कुणी पुढे केली तर सरळ उठा. होमस्टेड कायदा 1862 चा, अंमल 1 जानेवारी 1863 पासून. 160 एकर फुकट मिळायचे, पण पाच वर्षं तिथे राहून जमीन कसल्यावरच सनद हाती येई. लिंकनची हत्या झाली 1865 मध्ये. हिशेब तुम्हीच करा. शंका आली तर अमेरिकेच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर नाव टाकून सनद शोधता येते, तीही फुकट.

टिनटाइप, म्हणजे पातळ पत्र्यावर काढलेले जुने फोटो, यांची गोष्ट वेगळी. नावात टिन असलं तरी पत्रा लोखंडाचा, त्यामुळे चुंबक चिकटायलाच हवा. शिवाय यात प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी येते. बिली द किड या गाजलेल्या गुंडाच्या प्रसिद्ध टिनटाइपमुळे तो डावखुरा होता असा समज किती वर्षं चालला! नीट पाहिलं तर त्याच्या हातातल्या 1873 मॉडेलच्या विंचेस्टर बंदुकीचं काडतूस भरायचं दार डाव्या बाजूला दिसतं, प्रत्यक्षात ते उजव्या बाजूला असतं. त्यामुळे टिनटाइपमध्ये दुकानाची पाटी सुलट वाचता आली, तर ती बहुधा दुसऱ्या फोटोवरून काढलेली नक्कल. हाच बिलीचा फोटो 2011 मध्ये डेन्व्हरच्या लिलावात 23 लाख डॉलरला गेला आणि तेव्हापासून जो तो आपल्या डब्यातल्या टिनटाइपमध्ये बिलीचं नाक शोधतोय. नाक जुळणं हा पुरावा नाही. फोटो कुणाच्या घरातून कुणाकडे आला, ही साखळी कागदावर दिसली पाहिजे.

बंदुकांचंही तसंच. वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत. त्यात नोंद सापडली, तर सिरीयल नंबरवरून बंदूक कारखान्यातून कधी बाहेर पडली ते कळतं. ती कुणी झाडली, हे त्या वहीत नसतं. वेल्स फार्गो ही जुनी टपाल-बँक कंपनी किंवा टिफनी हे जवाहीर, यांचं नाव कोरलेली पट्ट्याची पितळी बक्कलं मात्र बघायचीसुद्धा नाहीत, 1960-70 च्या दशकांत असा खोटा माल ढिगाने निघाला.

आता कायद्याचं. इथली, म्हणजे अमेरिकेतली, आपली मंडळी भारतात जाताना बॅगेत काहीबाही भरतात, म्हणून सांगतो. गरुडाचं पीस लावलेली अमेरिकेच्या मूळनिवासी जमातींची जुनी वस्तू कितीही देखणी असो, बाल्ड किंवा गोल्डन ईगलच्या पिसांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. केंद्र सरकारच्या किंवा जमातींच्या जमिनीवरून परवान्याशिवाय उचललेली शंभर वर्षांवरची पुरातन वस्तूही 1979 च्या कायद्याने बेकायदा. फिरताना दगडी बाणाचं टोक दिसलं तर फोटो काढा आणि ते तिथेच राहू द्या. जमातींच्या पवित्र वस्तू देशाबाहेर नेण्यावरही 2022 पासून बंदी आहे.

कागद घरी आल्यावरची चूक आपल्याला चांगलीच ओळखीची. आजोबांच्या मोडी कागदांना आमच्याकडे चिकटपट्टी लावली होती. पट्टी गळून पडली, तपकिरी डाग तेवढे राहिले. इथेही तेच होतं. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर नकोच नको. आम्लरहित फोल्डरमध्ये, उन्हापासून दूर ठेवा. बक्कल किंवा नाणं घासून लखलखीत केलंत, तर किंमतही घासली जाईल.

खिसा फार हलका न करता सुरुवात करायची तर काटेरी तार बघा. जोसेफ ग्लिडनने 1874 मध्ये पेटंट घेतलं आणि मोकळ्या माळरानांना कुंपणं पडली. तारेचे शेकडो प्रकार आहेत आणि जमवणारे 18 इंचांचे तुकडे फळीवर लावतात. फक्त उभ्या कुंपणाची तार कापू नका, पलीकडे कुणाच्या तरी गाई असतात.