जॉर्जेट हेयर वाचायला सुरुवात कशी करावी

इंग्रज लेखिका जॉर्जेट हेयर (१९०२–१९७४) यांच्या कादंबऱ्या आज पुन्हा आवडीने वाचल्या जात असल्या, तरी नव्या वाचकाने प्रकाशनक्रमाच्या मागे न लागता ‘कोटिलियन’ (१९५३) आधी हाती घ्यावी. सुरुवातीला बग्ग्या, गळपट्ट्यांच्या गाठी आणि रीजन्सी काळातील (एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधील) बोली शब्द यांची गर्दी होते, तेव्हा शब्दागणिक कोश उघडण्याऐवजी संवादाचा सूर पकडावा, कारण खरी गंमत तिथेच आहे. ‘कोटिलियन’मधील, कपड्यांखेरीज कशातच गती नाही असे वाटणाऱ्या फ्रेडी या पात्रावर मात्र नजर ठेवावी. ‘द ग्रँड सोफी’मधील (१९५०) ज्यू सावकाराचे चित्रण आज खटकते, हे ठाऊक ठेवूनच ती वाचावी. वॉटर्लूच्या लढाईवरील ‘ॲन इन्फेमस आर्मी’ (१९३७) शेवटी घ्यावी; तिच्या उत्तरार्धात प्रणय मागे पडून रणांगणच पुढे येते.