खोकला दाबण्याआधी या चुका टाळा

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत किंवा घरी संकेश्वरी मिरची कांडताना ठसका लागतो, तेव्हा टोचणी श्वासमार्गाला होत असली तरी हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून सुटतो. व्हेगस नस, म्हणजे श्वासमार्गापासून मेंदूपर्यंत जाणारा मज्जातंतू, तेथे वर्दी पोहोचवते. मग खोल श्वास घेतला जातो, स्वरतंतू क्षणभर घट्ट मिटतात आणि पोटाचे व बरगड्यांचे स्नायू हवा जोराने बाहेर फेकतात.

हे ठाऊक नसल्यामुळे होणारी सर्वांत घातक चूक म्हणजे अर्धांगाच्या रुग्णाचा ठसका थांबल्यावर समाधान मानणे. चिक्कोडी भागातील एका घरी मी रुग्णसेवेसाठी गेलो, तेव्हा सून कौतुकाने म्हणाली, "मामंजी आता अजिबात ठसकत नाहीत, पेज भराभर पितात." प्रत्यक्षात पेजेनंतर त्यांचा आवाज घोगरा, ओलसर होत होता आणि संध्याकाळी अंगात ताप भरत होता. अर्धांगाच्या झटक्यामुळे खोकल्याची यंत्रणाच मंदावली होती. पेज बिनबोभाट फुप्फुसात उतरत होती आणि शेवटी न्यूमोनिया होऊन त्यांना दवाखान्यात हलवावे लागले. झटक्यानंतर डॉक्टरांनी गिळणे तपासल्याशिवाय मी पाण्याचा घोटही देऊ देत नाही. परवानगी मिळाल्यावरही रुग्णाला ताठ बसवतो, अर्धाच चमचा देतो आणि प्रत्येक घोटानंतर "आ" म्हणायला लावतो. आवाज ओला वाटला की भरवणे तेथेच थांबवतो. "लवकर उरकूया" म्हणणाऱ्या नवख्या माणसाच्या हाती मी चमचा देत नाही.

रामिप्रिल किंवा एनालाप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, आणि तो गोळी सुरू झाल्यावर कित्येक आठवड्यांनीही उपटतो. लोक मात्र घशाची औषधे बदलत बसतात. गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. त्यानंतरही खोकला ओसरायला काही आठवडे लागतात, त्यामुळे तिसऱ्याच दिवशी "गुण नाही" म्हणणाऱ्यांपुढे मी हात टेकतो.

कीर्तनात अभंग संपेपर्यंत कोणी खोकला आवरला, म्हणून तो खोटा ठरत नाही. मोठ्या मेंदूला तो थोडा वेळ रोखता येतो.

कान कोरताना खोकला आला तर काडी टाकून द्यावी, कारण कानाच्या नळीतही व्हेगसची एक शाखा आहे.

कोडीन किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फनचे सिरप मेंदूतील हुकूमच मंदावते. कफ भरलेल्या छातीवर शेजाऱ्याची उरलेली बाटली वापरणे हा मला शुद्ध आळस वाटतो. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर सिरपऐवजी सरकारी दवाखान्यात थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करावी.